डबल टायरवाल्या ट्रकचा पुढचा अ‍ॅक्सल जीपला बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं वर्कशॉप देवगड तालुक्यात, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर. जुन्या फोर-व्हील जीपची कामं आमच्याकडे जास्त येतात. कुणाची आंब्याच्या पेट्या बागेतून वर आणणारी, कुणाची चिरेखाणीवर राबणारी, कुणाची पुळणीवरून होडी ओढणारी. अलीकडे तरुण मुलं मोबाइलवर अमेरिकेतल्या गाड्या बघून येतात आणि म्हणतात, "तो डबल टायरवाल्या ट्रकचा पुढचा अ‍ॅक्सल आमच्या जीपला टाका, मग काही तुटणार नाही." फोनवर तेच ते प्रश्न येतात. उत्तरं घाईत दिली की अर्धवट राहतात आणि अर्धवट ऐकून कुणीतरी अ‍ॅक्सल कापून बसतो. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिलं आहे.

डबल टायरवाल्या ट्रकला पुढे एकेकच टायर असतो. मग "डबल टायरचा पुढचा अ‍ॅक्सल" म्हणजे नेमका कोणता?

पुढे एकेकच टायर असतो, हे बरोबर. डबल टायर मागे. पण मागे डबल टायर आहेत म्हणून पुढच्या अ‍ॅक्सलची घडणही बदलते, आणि नेमकं तेच समजून घ्यायचं आहे.

आधी एक घोळ सोडवू. आपल्या रस्त्यावर डबल टायरची गाडी म्हटली की टाटा ४०७ डोळ्यांसमोर येते. ही गाडी १९८६ पासून आपल्याकडे आहे. तिचा नेहमीचा पुढचा अ‍ॅक्सल म्हणजे घडीव लोखंडाचा सरळसोट बीम. त्यात क्राउन-पिनियन (इंजिनाचा जोर चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी) नाही, शाफ्ट नाही. तो वजन पेलतो आणि चाकं वळवतो, ओढत काहीच नाही. तो जीपला लावला तर जीपचं फोर-व्हील गेलं. तसं करायला सांगणारेही लोक भेटले आहेत, त्यांना मी हात जोडतो.

मुलं जो अ‍ॅक्सल बघून येतात तो वेगळा. अमेरिकेतल्या एक टनी पिकअप गाड्या, म्हणजे फोर्ड एफ-३५०, शेव्हर्ले के-३०, डॉजचे मोठे पिकअप. त्यांच्या फोर-व्हील आणि मागे डबल टायर असलेल्या प्रकारांत पुढे डाना ६० नावाचा ओढणारा अ‍ॅक्सल येतो. क्राउन ९.७५ इंचांचं, आतले शाफ्ट ३५ दात्यांचे आणि दीड इंच जाडीचे. या पानावर त्याच अ‍ॅक्सलबद्दल लिहिलं आहे.

डबल टायरमुळे पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये वेगळं काय होतं?

हे कागदावर समजत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. जामसंड्याच्या नाक्यावर एखादी ४०७ उभी असेल तर तिच्या बाजूला जाऊन उभे राहा. पुढच्या चाकाची डिश बाहेर फुगलेली दिसेल, परात पालथी घातल्यासारखी. मागच्या बाहेरच्या चाकाची डिश आत खोल गेलेली दिसेल, पाणी भरून ठेवता येईल अशी. रिम मात्र दोन्हीकडे एकच आहे. मागे दोन रिमा पाठीला पाठ लावून बसतात, म्हणून बाहेरची उलटी दिसते. सहाही चाकांना एकच रिम चालावी आणि एकच स्टेपनी पुरावी, यासाठी ही सगळी मांडणी.

आता पुढच्या चाकाचा विचार करा. रिमची बसायची जागा टायरच्या मध्यापासून बरीच बाहेर आहे. टायर जागच्या जागी राहायचा असेल तर हबलाच बाहेर यावं लागतं. म्हणून डबल टायरच्या ट्रकात पुढचा हब लांब असतो, किंवा साध्या हबवर बोल्टने जाड जोडतुकडा बसवलेला असतो. हाऊसिंग, क्राउन, शाफ्ट, नकल (चाकाबरोबर वळणारा टोकाचा सांधा) या बाबतीत एकटायरी आणि दुटायरी भावंडांत बऱ्याचदा फरक नसतो. फरक असतो तो हब, डिस्क आणि बोल्टांच्या वर्तुळात.

त्या लांब हबवर जीपची किंवा साधी रुंद रिम बसवली तर?

बसेल. बोल्टांचं माप जुळलं तर अगदी छान बसेल, आणि तिथेच फसगत होते. टायर प्रत्येक बाजूला चारेक इंच बाहेर जाईल.

पुढच्या चाकाचा वळायचा खुंटा, म्हणजे किंगपिन, किंचित कललेला असतो. त्याची रेषा मनातल्या मनात खाली जमिनीपर्यंत न्या. ती जिथे टेकते तिथून टायरच्या मधल्या रेषेपर्यंतचं अंतर जितकं कमी, तितकं स्टेअरिंग शांत. टायर चार इंच बाहेर गेला की हे अंतर वाढतं आणि प्रत्येक दगड त्या अंतराच्या पहारीने स्टेअरिंगला हिसका देतो. आपल्या सड्यावर जांभ्याची टोकं कशी वर आलेली असतात ते तुम्हाला माहीत आहे. एका चाकाखाली तसं टोक आलं की स्टेअरिंग हातातून फिरतं आणि अंगठा आत असेल तर मोडतो. बेअरिंगवरही वजन तिरकं पडतं, बाहेरचं बेअरिंग लवकर बोलायला लागतं.

उपाय दोन. एक तर ट्रकच्याच फुगीर रिमा वापरायच्या. नाही तर जोडतुकडा काढून टाकायचा, किंवा लांब हब व डिस्क काढून त्याच अ‍ॅक्सलच्या एकटायरी भावंडाचे हब व डिस्क घालायचे. किंगपिनवाल्या जुन्या डाना ६० ला हा बदल सरळ होतो. मला दुसरा रस्ता आवडतो. अरुंद पाखाडीतून, दोन गडग्यांच्या मधून जीप न्यायची असते तेव्हा एकेक इंच मोलाचा.

बोल्टांचं माप कोणतं?

जुन्या एक टनी गाड्यांना ८ बोल्ट, वर्तुळ ६.५ इंच म्हणजे १६५.१ मिमी. फोर्डने १९९९ च्या सुपर ड्यूटी पिकअपपासून ८ बोल्ट १७० मिमी केलं. फरक पाच मिलिमीटरही नाही, म्हणून लोक ठोकून बसवायला बघतात. ते करू नका. फोर्डच्या २००५ नंतरच्या डबल टायरच्या एफ-३५० ला ८ बोल्ट २०० मिमी, आणि एफ-४५०, एफ-५५० ला १० बोल्ट २२५ मिमी. आपल्या विलीज या अमेरिकी कंपनीच्या घडणीच्या जीपला ५ बोल्ट, साडेपाच इंच.

किंगपिनचा घ्यावा की बॉल जॉइंटचा?

फोर्डने साधारण १९९२ पासून बॉल जॉइंट घातले. त्याआधीचे किंगपिनचे. माझं मत किंगपिनच्या बाजूने. खाली गोल बेअरिंग, वर स्प्रिंगने दाबलेला शंकूसारखा बुश. झिजला की उघडता येतो, आणि बुश आपल्या लेथवरही करून घेता येतो. बॉल जॉइंट झिजला की नवीनच आणावा लागतो, आणि तो इथे मिळत नाही. कोकणात काम करणाऱ्या माणसाने सुट्या भागाचा विचार आधी करावा, ताकदीचा मागाहून. किंगपिनच्या अ‍ॅक्सलला बाहेरचा आखूड शाफ्ट मात्र ३० दात्यांचा येतो, म्हणजे आतल्यापेक्षा बारीक. काही तुटायचं असेल तर बहुतेक तोच तुटतो, नाही तर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस जातो.

२००५ नंतरचे सुपर ड्यूटीचे अ‍ॅक्सल कॉइल स्प्रिंगसाठी केलेले आहेत. त्यावर दांड्यांच्या पकडी ओतीव भागातच आहेत. पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) जीपला ते बसवायचे तर त्या पकडी कापून साफ करण्यातच दोन दिवस जातात.

गोळा कोणत्या बाजूला आहे याने काय फरक पडतो?

गोळा म्हणजे क्राउन-पिनियन असलेला फुगीर भाग. सगळा फरक त्यानेच पडतो. अ‍ॅक्सल विकत घेण्याआधी विचारायचा हा पहिला प्रश्न.

ट्रान्स्फर केसमधून, म्हणजे जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीतून, पुढे येणारा जॉइंट (लांब फिरता दांडा) एका बाजूने येतो. अ‍ॅक्सलचा गोळा त्याच बाजूला हवा. विलीज घडणीच्या जुन्या जीपला पुढचा गोळा उजवीकडे असतो, ड्रायव्हरच्या सीटवरून बघितलं तर. शेव्हर्लेच्या के-३० चा डाना ६० उजव्या गोळ्याचा, म्हणजे तो जुळतो. फोर्डचा डाव्या गोळ्याचा, तो जुळत नाही. फोर्डचा स्वस्तात मिळतो म्हणून कुणी घेतला तर ट्रान्स्फर केससुद्धा बदलावी लागेल. अ‍ॅक्सल उलटा करून घालू म्हणणारेही येतात. तसा घातला तर गोळ्याची बाजू बदलते, पण पिनियन उलट्या अंगाला येतं आणि चाकं मागे फिरतात.

पुढची अडचण आपली स्वतःची आहे. अमेरिकी गाडीचं स्टेअरिंग डावीकडे, त्यामुळे नकलवरचे आर्म, ड्रॅगलिंकची (बॉक्सपासून नकलपर्यंतच्या दांडीची) जागा सगळं डाव्या स्टेअरिंग बॉक्सचा विचार करून बसवलेलं. आपला बॉक्स उजवीकडे. आरशात बघितल्यासारखं सगळं उलटं करावं लागतं. ड्रॅगलिंक आडवी टाकायची तर ती डाव्या नकलपर्यंत न्यायची, म्हणजे लांब आणि सपाट राहते, गाडी खालीवर झाली तरी स्टेअरिंग ओढत नाही. त्यासाठी डाव्या नकलचा माथा सपाट करून त्यावर आर्म बसवायला खुंटे मारावे लागतात. हे काम चांगल्या मिलिंगवर करून घ्या, हाताच्या ड्रिलवर नको. कुडाळ, मिरजोळे किंवा खेर्डीच्या एमआयडीसीत बरी यंत्रं मिळतात. स्टेअरिंगच्या सांध्यावर पैसे वाचवायचे नाहीत, हे मी प्रत्येकाला हात धरून सांगतो. घाटात स्टेअरिंग सुटलं तर दुसरी संधी नाही.

अ‍ॅक्सल फार रुंद होईल का?

होईल. विलीज घडणीच्या जीपचा ट्रॅक सव्वाअठ्ठेचाळीस इंच. अमेरिकी पिकअपचा अ‍ॅक्सल हब ते हब ६५ इंचांच्या वर. तसाच घातला तर चाकं मडगार्डच्या बाहेर वीतभर जातात. काही जण तशीच ठेवतात, उलटायची भीती कमी होते म्हणून. बागेच्या वाटेला ती चालत नाही.

कापून आखूड करायचा तर लांब बाजूची नळी कापायची, टोकाचा भाग पुन्हा बरोब्बर त्याच कोनात बसवायचा आणि आतला शाफ्ट आखूड करून दाते पाडून घ्यायचे. नळीची भिंत जाड असते, वेल्डिंग सोपं नाही. थोडं थोडं, समोरासमोर, थांबत थांबत करायचं. एकाच बाजूने सपाट्याने केलं की नळी केळ्यासारखी वाकते, डोळ्यांना दिसत नाही, पण शाफ्ट ऑइल सील खाऊन टाकतो. आम्ही आत सरळ बार घालून दोन्ही टोकांना बसवलेल्या कड्यांतून तो मोकळा फिरतो का बघतो. अडकला की काम पुन्हा.

पाट्यांच्या बैठका कुठे आणि कशा वेल्ड कराव्या?

इथे मला माझी चूक सांगितलीच पाहिजे, कारण तीच चूक अजून चारजण करताना बघितली आहे.

जीपची चासी अरुंद, दोन्ही पाटे जवळ जवळ. मोठा अ‍ॅक्सल खाली घातला की एका बाजूचा पाटा नळीवर येत नाही, नेमका गोळ्याच्या ओतीव अंगावर येतो. माझ्या पहिल्या कामात मी बैठक तयार केली आणि साध्या रॉडने, थंड गोळ्यावर, सरळ वेल्ड मारला. वेल्ड दिसायला इतका सुरेख होता की मी त्याचा फोटो काढला. आठव्या दिवशी गाडी परत आली. बैठकीच्या कडेला केसाएवढी रेघ होती, आणि तिच्यातून तेल घामासारखं पाझरत होतं. बोटाने पुसलं की पुन्हा ओलं. ओतीव लोखंड वेल्डच्या कडेला कडक होऊन तडकलं होतं. गाडीत बागायतदाराचा मुलगा होता, उतारावर ती बैठक सुटली असती तर काय झालं असतं, या विचाराने मला कितीतरी दिवस झोप लागली नाही.

आमच्या वर्कशॉपात तेव्हा एक म्हातारे फिटर होते. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आधी माप घे, मगे काप. आणि बीड असात तर आधी ताप." बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते बोलणं आम्ही अजून पाळतो. ओतीव भागावर वेल्ड करायचाच असेल तर आधी गोळा सगळीकडून सारखा तापवायचा, निकेलचा रॉड वापरायचा, इंचभर वेल्ड करून हातोडीने हलकं ठोकायचं, पुढचा इंच. झाल्यावर लगेच उघडा टाकायचा नाही. आम्ही भाताच्या तुसाच्या राखेत रात्रभर पुरून ठेवतो, सकाळी हात लावला तरी कोमट लागतो. वारा लागला की तडकलंच म्हणून समजा, आणि आपल्याकडे वारा कधी थांबतो?

त्याहून चांगला उपाय म्हणजे ओतीव भागाला हातच न लावणं. गोळ्यावरून कमानीसारखा पूल घालायचा, तो दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर वेल्ड करायचा आणि पाट्याची बैठक त्या पुलावर घ्यायची. वजन थोडं वाढतं, गाडीही थोडी उचलली जाते. पण नळीचं लोखंड वेल्डिंगला राजी असतं.

मागचा अ‍ॅक्सल जुनाच ठेवला तर?

क्राउनचं गुणोत्तर जुळलं तर आणि तरच. विलीज घडणीच्या जीपला बहुतेक ५.३८ असतं. समजा पुढे ४.१० चा डाना ६० आला. फोर-व्हील टाकलं की पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा शंभरात एकतीस फेऱ्या जास्त पडतील. चिखलात थोडा वेळ घसरून भागेल, कातळावर काहीतरी तुटणार. डाना ६० ला ५.३८ चं क्राउन-पिनियन मिळतं. मात्र ४.१० पर्यंत एक कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतं ती चौकट) लागतो, ४.५६ पासून वर दुसरा. नुसतं क्राउन मागवलं आणि कॅरिअर विसरलात तर पुन्हा महिनाभर वाट. ४.०९ आणि ४.१० इतका फरक असेल तर चिंता नको. टायर मात्र चारही एकाच मापाचे हवेत.

शिवाय पुढे ८ बोल्ट, मागे ५ बोल्ट, म्हणजे स्टेपनी दोन. रानात ते कटकटीचं होतं. ज्यांना परवडतं ते दोन्ही अ‍ॅक्सल एकदमच बदलतात.

गाडी सरळ धावत नाही, स्टेअरिंग थरथरतं. कशामुळे?

बहुतेक वेळा किंगपिनच्या कलामुळे. किंगपिनचा माथा थोडा मागे झुकलेला हवा, चार-पाच अंश. त्यानेच चाक आपोआप सरळ होतं. अ‍ॅक्सल बसवताना लोक पिनियनचं तोंड जॉइंटकडे वर करायला अ‍ॅक्सल फिरवतात. नकल नळीला पक्के, म्हणून पिनियन वर गेलं की किंगपिनचा कल कमी होतो. दोन्ही एकाच वेळी साधायचं तर नकलची टोकं नळीवरून मोकळी करून फिरवून पुन्हा वेल्ड करावी लागतात. ते करायचं नसेल तर कलाला मान द्या आणि जॉइंटला दुहेरी क्रॉसचा सांधा घाला.

टो-इन, म्हणजे चाकांची तोंडं पुढे जेवढी आत झुकतात ते, दीड ते तीन मिलिमीटर. मग टायरॉडची टोकं, पाट्यांचे बुश, किंगपिनचा वरचा स्प्रिंग बघा. स्टेअरिंग डँपर घालून थरथर दाबू नका, ती तुम्हाला काहीतरी सांगत असते.

ब्रेकचं काय?

डाना ६० ला मोठे डिस्क ब्रेक, कॅलिपरला तेल जास्त लागतं. जुन्या जीपच्या मास्टर सिलिंडरला तेवढं तेल ढकलता येत नाही, पेडल तळाला जातं. मोठ्या बोअरचा मास्टर घाला, पण बोअर वाढला की तेवढ्याच पायाला दाब कमी मिळतो, म्हणून बूस्टरही हवा. पुढे डिस्क, मागे जुने ड्रम, म्हणजे दाबाचा समतोल बघावा लागतो. नाही तर पावसात मागचं आधी लॉक होऊन गाडी आडवी होते. उतारावर जायच्या आधी रिकाम्या सड्यावर, ओल्या जमिनीवर, दहा-दहाच्या वेगाने चाचणी घ्या.

एवढा मोठा अ‍ॅक्सल आम्हाला खरंच लागतो का?

बहुतेकांना नाही. मी काम नाकारायला हे म्हणत नाही. या कामात मला मनापासून आनंद मिळतो.

मोडतं काय हे आधी बघा. बागेतल्या जीपला प्यूजो घडणीचं २,११२ सीसी डिझेल इंजिन, टायर अठ्ठावीस इंची. त्या इंजिनाचा जोर पहिल्या गिअरने, लो रेंजने आणि क्राउनने वाढून चाकापर्यंत येतो खरा, पण २८ इंची टायर चिखलात आधी घसरतो, शाफ्टवर पूर्ण जोर येतच नाही. आमच्याकडे अशा गाड्यांचे तुटलेले शाफ्ट क्वचित येतात. येतात ते गेलेले क्रॉस, ढिले यू-बोल्ट, गंजलेले हब. त्यांना नवे क्रॉस, नवे पाटे, चांगलं ग्रीस पुरतं.

आणखी एक. अ‍ॅक्सल मजबूत केला की मोडणं थांबत नाही, ते पुढच्या नाजूक जागी सरकतं. शाफ्ट तुटेना म्हणून जॉइंट तुटतो, जॉइंट जाड केला की ट्रान्स्फर केसचं तोंड फुटतं, ते सावरलं की चासीला पाट्याच्या हँगरपाशी चीर जाते. गेल्या वर्षी आलेल्या एका जीपमध्ये तिन्ही गोष्टी याच क्रमाने झाल्या होत्या. म्हणून मी गिऱ्हाइकाला विचारतो की काय तुटायला हवं आहे? क्रॉस तुटला तर पाऊण तासात बदलता येतो. ट्रान्स्फर केस फुटली तर गाडी बागेतच राहते आणि आंबा पेटीत पिकतो.

शिवाय डाना ६० चा गोळा मोठा. त्याच २८ इंची टायरवर जमिनीपासूनची मोकळी जागा इंच-दीड इंच कमीच होते. जांभ्यावर घासतो. त्याला ३५ इंची टायर शोभतात. मोठे टायर आले, मोठं इंजिन आलं, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) आला, मग खरंच डाना ६० लागतो. त्याचं वजनही ब्रेक-हबसह सव्वादोनशे किलोंच्या पुढे जातं, हे चार माणसांचं काम नाही, चेन-पुली लागते.

खाऱ्या हवेत आणि पाण्यात हा अ‍ॅक्सल टिकतो का?

टिकतो, सांभाळला तर. आपल्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, वरून खारं वारं. होडी ओढणाऱ्या जीपचा हब तर दिवसातून दोनदा समुद्रात.

अ‍ॅक्सल चालून तापलेला असतो. गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दोन दिवसांनी तेलाचा प्लग काढा, चहात दूध घातल्यासारखं तेल दिसेल. त्यासाठी ब्रीदरला (हवा जायच्या भोकाला) रबरी नळी लावून ती बॉनेटच्या उंचीपर्यंत वर न्या. शंभर-दोनशे रुपयांचं काम, आणि माझ्या मते या सगळ्या पानावरचं सर्वांत उपयोगी काम.

पाण्यातून आलं की गोड्या पाण्याने धुवा. विहिरीचं असलं तरी चालेल. हबचं ग्रीस पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा बदला, पाण्याला दाद न देणारं घ्या. किंगपिनच्या खालच्या बेअरिंगला ग्रीस पंपाने मारा, जुनं बाहेर येईपर्यंत. वेल्ड केलेल्या जागी रंगाआधी प्रायमर, आणि नळीचं तोंड कुठेही उघडं ठेवू नका. फ्री-व्हील हब महिन्यातून एकदा फिरवा, नाही तर जाम बसतात.

आरटीओ पासिंग होईल का?

नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण याबाबत खोटी आश्वासनं देणारे भेटतात.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे अशा बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. एमएच-०७ असो वा एमएच-०८, कायदा एकच. आणि अपघात झाला तर विमा कंपनी आधी खालचा अ‍ॅक्सल बघेल.

म्हणून अशी गाडी आम्ही फक्त स्वतःच्या जमिनीवर, बागेत, खाजगी ट्रॅकवर चालवण्यासाठी करून देतो, तसं लिहून घेतो, आणि ती ट्रेलरवरून न्यायला सांगतो. आंबोली घाटात मिरवायची असेल तर आमच्याकडे येऊ नका.

अ‍ॅक्सल मिळतो कुठे?

इथल्या भंगारात नाही. वापरलेले सुटे भाग परदेशातून आणायला सरकारी परवाना लागतो, ते मोकळ्या आयातीच्या यादीत नाहीत. न्हावा-शेवाला माल अडकला की भाडं रोज चढतं. आधी कस्टम्सच्या कामातल्या जाणकाराशी बोला, मग पैसे पाठवा. फोटोवर विश्वास ठेवू नका. गोळ्याची बाजू, हबचा प्रकार, टॅगवरचं गुणोत्तर, टायरॉडच्या जागा, एवढ्याचे फोटो पट्टी धरून मागवा.

पुळणीवर अशी गाडी चालवली तर चालेल का?

होडी चढवण्या-उतरवण्यापुरती, जिथे परवानगी आहे तिथे. मजेखातर फिरवायला अनेक किनाऱ्यांवर बंदी आहे आणि ती योग्य आहे. वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. घरटं वरून दिसत नाही. चाकाखाली वाळू दाबली गेली की पिल्लं वर येऊ शकत नाहीत. जड अ‍ॅक्सल आणि रुंद टायरची गाडी तर आणखीच वाईट. मासेमारी करणारी आमची माणसं भरतीच्या ओल्या वाळूतूनच गाडी नेतात, वरच्या कोरड्या वाळूत घालत नाहीत. तेवढं तुम्हीही करा.

४०७ चा जुना बीम अ‍ॅक्सल पडून आहे. त्याचं काय करावं?

होडीच्या गाड्याला घाला. हा प्रश्न हर्णैहून आला होता आणि मला फार आवडला. बीममध्ये तेल नाही, क्राउन नाही, म्हणून खाऱ्या पाण्याने बिघडायला फक्त हबची बेअरिंगं उरतात. टायरॉड काढा, दोन्ही नकल सरळ रेषेत धरून किंगपिनपाशी पट्टी टाकून पक्के करा, म्हणजे चाकं वळणार नाहीत. बीम मात्र वेल्ड करू नका, तो घडीव आणि उष्णता दिलेला असतो. पट्टी नकलांना बोल्टनेच जोडा. हबच्या टोप्या ग्रीसने गच्च भरा, आणि होडी उतरवून गाडा वर ओढला की रोज दोन बादल्या गोडं पाणी ओता.